ब्रेकमधली हवा

पनवेलच्या गॅरेजांमध्ये ‘हवा’ या एकाच शब्दाला दोन टोकांचे अर्थ आहेत. कळंबोलीच्या लोखंड बाजाराबाहेर रात्रभर उभा असलेला ट्रेलर सकाळी सुरू होतो, पण ड्रायव्हर लगेच निघत नाही. इंजिन चालू ठेवून तो समोरचा काटा वर चढायची वाट बघतो. टाक्यांमध्ये पुरेशी हवा भरली की मगच चाकं मोकळी होतात आणि मगच ब्रेकवर भरवसा ठेवता येतो. तिथे हवा म्हणजे ब्रेकचा प्राण. त्याच रस्त्यावर थोडं पुढे एखाद्या शेडमध्ये टेम्पोच्या हौद्यातून उतरवलेली एटीव्ही उभी असते. रुंद टायरांची, मोटारसायकलसारख्या हँडलची, चार चाकांची ती बुटकी गाडी. मेकॅनिक तिचा ब्रेक दोन बोटांनी दाबतो, लिव्हर सरळ मुठीला जाऊन टेकतो आणि निदान होतं, “हवा धरलीय. काढायला लागेल.” इथे तीच हवा जिवावर उठलेली असते.

हवा काढण्याच्या या कामाला सगळीकडे ‘ब्लीडिंग’ म्हणतात. शब्द रक्त काढण्याचा आहे आणि उपमा चपखल आहे. पूर्वी वैद्य जळवा लावून किंवा तुंबडीने अंगातलं दूषित रक्त काढत. ब्रेकच्या नळ्यांमधून वाहणारा द्रवही असाच एका बारीक छिद्रातून बाहेर काढायचा असतो आणि त्याच्याबरोबर आत अडकलेली हवा जाऊ द्यायची असते. काम अर्ध्या-पाऊण तासाचं. लागतं काय, तर आठ नंबरचा रिंग पाना, हातभर पारदर्शक नळी, पाण्याची रिकामी बाटली आणि ब्रेक ऑइलची एक नवी, सीलबंद डबी. एवढं स्वस्त आणि एवढं साधं काम टाळलं जातं, म्हणून त्याच्याबद्दल नीट सांगायला हवं.

पनवेलला चाकांची काळजी नवी नाही. रेल्वे येण्याआधी मुंबईहून पुण्याला जायचं तर होडीने पनवेलपर्यंत यायचं, इथल्या बंदरात उतरायचं आणि पुढे बोरघाट चढायचा, असा प्रवास होता. 1830 साली बोरघाटातून चाकाच्या गाड्या जाऊ शकतील असा रस्ता खुला झाला आणि देशावरून येणाऱ्या बैलगाड्यांची रहदारी वाढली. त्या काळच्या गॅझेटियरमध्ये पनवेलचा उल्लेख बैलगाडीच्या चाकांसाठी केलेला सापडतो. देशावरून आलेले गाडीवान परत जाताना इथून चाकांची जोडी घेऊन जात. 1852 मध्ये नगरपालिका मिळालेलं हे गाव म्हणजे घाटाच्या तोंडाशी बसलेलं चाकांचं दुकानच होतं. आज इथून एका अंगाला द्रुतगती मार्ग पुण्याकडे निघतो, दुसऱ्या अंगाला राष्ट्रीय महामार्ग 66 कर्नाळ्याच्या कुशीतून पेण, वडखळ करत कोकणात उतरतो. अलिबाग, नागाव, काशीदच्या किनाऱ्यांवर आणि कर्जत-लोणावळ्याच्या रिसॉर्टांमध्ये फिरणाऱ्या एटीव्हींचे सुटे भाग, ऑइल आणि मेकॅनिक या वाटेवरच भेटतात.

एटीव्ही हे वाहन जन्माला आलं तेव्हा तीन चाकांचं होतं. होंडाने 1970 मध्ये मोठ्या फुगीर टायरांची तीनचाकी बाजारात आणली. 1982 मध्ये सुझुकीने चार चाकांची क्वाडरनर काढली आणि पुढे तोच नमुना रूढ झाला. तीनचाकी वळताना उलटतात, मुलं जखमी होतात, असा अनुभव आल्यावर 1988 मध्ये अमेरिकेत सरकार आणि उत्पादक कंपन्यांमध्ये समझोता झाला आणि नव्या तीनचाकींची विक्री तिथे थांबली. आपल्याकडे ही गाडी शेतीपेक्षा पर्यटनातून आली. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर दहा-पंधरा मिनिटांच्या फेऱ्या मारायच्या, त्याही बहुधा अशा माणसाने, ज्याने आयुष्यात पहिल्यांदाच तिच्यावर पाय टाकलेला असतो.

इथेच काळजीची पहिली जागा आहे. पनवेल आरटीओची ‘एमएच 46’ पाटी घेऊन फिरणाऱ्या टॅक्सीला, टेम्पोला, बसला ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि त्यात ब्रेक तपासले जातात. वाळूवरची एटीव्ही सहसा रस्त्यासाठी नोंदवलेलीच नसते. त्यामुळे तिच्या ब्रेककडे बघणारा कुणी निरीक्षक नाही. मालक बघेल तेवढंच, मेकॅनिक सांगेल तेवढंच.

आता तो लिव्हर मुठीला का टेकला, हे समजून घेऊ.

द्रव दाबून लहान होत नाही. बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला तर तो सगळीकडे सारखाच पोहोचतो, हे ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकात मांडलं आणि त्या एका वाक्यावर जगातल्या बहुतेक मोटारींचे ब्रेक चालतात. हँडलजवळच्या छोट्या डबीखाली मास्टर सिलिंडर असतो. लिव्हर दाबला की त्यातला दट्ट्या पुढे सरकतो, नळीतला द्रव ढकलला जातो आणि चाकाजवळच्या कॅलिपरमधला मोठा दट्ट्या ब्रेक पॅडला डिस्कवर दाबतो.

आकडे घालून बघितलं की यातली करामत कळते. समजा मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ सव्वा चौरस सेंटिमीटर आहे. हाताने 20 किलोचा जोर दिला आणि लिव्हरच्या तरफेने तो पाचपट झाला, तर दट्ट्यावर 100 किलोचा भार येतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 80 किलोचा दाब. कॅलिपरमधला दट्ट्या 32 मिलिमीटर व्यासाचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ आठ चौरस सेंटिमीटर भरतं. आठ गुणिले 80, म्हणजे 640 किलो. चार बोटांच्या 20 किलोंतून पॅडवर साडेसहाशे किलोंच्या जवळपास जोर उभा राहतो, तोही पुढच्या दोन्ही चाकांवर.

पण निसर्ग फुकट काही देत नाही. जोर वाढतो तितकी हालचाल कमी होते. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या पुरा दाबला तरी सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटरच सरकतो, म्हणजे त्यातून जेमतेम दीड मिलिलीटर द्रव पुढे जातो. सगळी ब्रेकव्यवस्था या दीड मिलिलीटरच्या जमाखर्चावर उभी आहे. आता नळीत एक मिलिलीटर हवा अडकली आहे असं धरा. हवा म्हणजे दाबली की लहान होणारी गोष्ट. ऐंशीपट दाबाखाली तो बुडबुडा आपल्या मूळ आकाराच्या ऐंशीव्या हिश्शाएवढा होईल. म्हणजे दीडपैकी जवळजवळ एक मिलिलीटर द्रव नुसता बुडबुडा चेपण्यात खर्च झाला. उरलेला अर्धा मिलिलीटर दोन चाकांच्या दोन दट्ट्यांत वाटला तर प्रत्येक दट्ट्या मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच पुढे सरकतो. एवढ्यात पॅड डिस्कला जेमतेम शिवतात. बोटांना स्पंज दाबल्यासारखं वाटतं, लिव्हर मुठीला टेकतो आणि गाडी पुढे जात राहते. हे सगळं वीस थेंबांएवढ्या हवेने केलेलं असतं.

अशा वेळी जुन्या ड्रायव्हरचा हात आपोआप दुसऱ्यांदा लिव्हर मारतो. दोनतीनदा भराभर मारला की मास्टर सिलिंडर डबीतून थोडा जास्तीचा द्रव ओढून पुढे ढकलतो आणि ब्रेक लागल्यासारखा होतो. पद्मिनी आणि अँबॅसेडर चालवलेल्या पिढीला ही सवय पायात भिनलेली आहे. उतारावर पेडल पंप करत गाडी आवरलेली माणसं अजून ते कौतुकाने सांगतात. कौशल्य खरंच आहे. पण “दोनदा मारला की लागतो” हे वाक्य सांगून एटीव्ही भाड्याने देणं ही मात्र क्षमा करण्याजोगी गोष्ट नाही. समोर मूल धावत आलं तर दुसऱ्यांदा मारायला वेळ नसतो, आणि नवख्या माणसाला दोनदा मारायचं हे सुचतही नाही.

हवा आत येते कुठून, या प्रश्नाचं सर्वांत सोपं उत्तर म्हणजे डबीतला द्रव कमी झाल्यामुळे. पॅड झिजत जातात तसा कॅलिपरमधला दट्ट्या बाहेर सरकतो, त्याच्यामागची जागा भरायला द्रव खाली उतरतो आणि डबीतली पातळी घटते. कुठे नळीच्या जोडावर, तांब्याच्या वॉशरपाशी, रबरी सीलपाशी पाझर असेल तरी तेच होतं. पातळी फार खाली गेली आणि गाडी चढावर तिरकी झाली की द्रवाऐवजी हवा ओढली जाते. पॅड बदलताना, नळी सोडताना, मास्टर सिलिंडरचं किट टाकताना तर हवा शिरणारच. शिवाय आणखी एक वाट आहे. तिच्यातून हवा शिरत नाही, वाफ आतच तयार होते, आणि कोकणासाठी तीच जास्त महत्त्वाची आहे.

‘ब्रेक ऑइल’ हे नाव सर्वांच्या तोंडी बसलं आहे, पण ते तेल नाहीच. नेहमीच्या वापरातली डॉट 3, डॉट 4 किंवा डॉट 5.1 ही ग्लायकॉल जातीची रसायनं आहेत आणि ती पाण्यात मिसळतात. या नावाने किती घोटाळे झाले असतील! ऑइल म्हटल्यावर ऑइल टाकलं, असं म्हणून कुणीतरी डबीत इंजिन ऑइल ओततो. खनिज तेल लागलं की आतले रबरी सील फुगतात, मऊ पडतात आणि दट्ट्या अडकतो. मग नुसतं ब्लीडिंग करून भागत नाही. सगळे सील, कधी कधी नळ्यासुद्धा, बदलाव्या लागतात.

ग्लायकॉल हवेतली ओल ओढून घेतं. पावसाळ्यात उघड्या वाटीतल्या मिठाला पाणी सुटतं, तसाच हा स्वभाव. डबीच्या झाकणातून, रबरी नळीच्या भिंतीतून सूक्ष्म प्रमाणात बाष्प आत शिरतच असतं. ताज्या डॉट 3 चा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस आणि डॉट 4 चा 230 असावा, असं मानक सांगतं. त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की हेच आकडे 140 आणि 155 वर येतात. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. त्या दिवसांत कपाटातले कपडे दमट होतात, भिंतींना बुरशी येते. ब्रेकची डबी यातून सुटेल असं मानायचं कारण नाही. म्हणून गाडी किती किलोमीटर चालली याला इथे फार अर्थ नसतो. बहुतेक उत्पादक दर दोन वर्षांनी द्रव बदलायला सांगतात; किनाऱ्यावरच्या गाडीला दर पावसाळ्यानंतर बदलला तर ती उधळपट्टी नव्हे.

पाणी मुरलेला द्रव सपाट वाळूवर कदाचित कधीच दगा देणार नाही. तो दगा देतो उतारावर. सह्याद्रीतल्या एखाद्या रिसॉर्टच्या मागच्या टेकडीवरून ब्रेकवर हात ठेवूनच कुणी सावकाश उतरत राहिला, की पॅड आणि डिस्क तापतात, उष्णता दट्ट्यातून द्रवापर्यंत पोहोचते आणि त्यातल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की आकारमान सोळाशे पटींहून जास्त वाढतं. एका थेंबाचा बुडबुडा केवढा होईल, हे वरच्या हिशेबाशी ताडून पाहावं. चढताना घट्ट असलेला लिव्हर उतरताना अचानक मोकळा पडतो आणि खाली पोहोचून गाडी थंड झाली की पुन्हा पहिल्यासारखा लागतो. मालकाला वाटतं, चालवणाऱ्याचं चुकलं. अशा उतारावर इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये उतरू नये, खालच्या गिअरमध्ये इंजिनलाच गाडी अडवू द्यावी आणि ब्रेक सतत घासत न ठेवता मारून सोडावा, असं घाटातले अनुभवी ड्रायव्हर सांगतात ते याचसाठी. बोरघाटात उतरणाऱ्या ट्रकचे ब्रेक निकामी होतात तेव्हाही मुळाशी बहुतेकदा उष्णताच असते. तिथे द्रव नसतो, ड्रम आणि लायनर तापून पकड जाते. पण उतार आणि सतत दाबलेला ब्रेक ही जोडी तीच.

आता काम.

गाडी सपाट जागी उभी करायची, चाकांना दगड लावायचे आणि आधी धुवायची. धुणं हा दिखाऊपणा नाही. डबीचं झाकण उघडताना कडेला साचलेली वाळू आत पडली तर तिचा एक कण मास्टर सिलिंडरच्या सीलवर ओरखडा काढतो आणि आज काढलेली हवा महिन्याभरात परत येते. म्हणून झाकणाभोवती ओलं फडकं, मग कोरडं फडकं, मग पेचकस. हँडल असं वळवायचं की डबी सपाट आणि शक्यतो सगळ्यांत उंच राहील. टाकीवर, फायबरवर जुनं कापड अंथरायचं, कारण हा द्रव रंग खातो. सांडलाच तर पुसत बसण्यापेक्षा लगेच पाणी ओतावं. पाण्यात मिसळण्याचा त्याचा दुर्गुण इथे कामाला येतो. डबीतला जुना द्रव सिरिंजने ओढून घ्यायचा. तो चहाच्या रंगाचा निघाला, तर डोळ्यांसमोरच साक्ष मिळाली; ताजा द्रव पाण्यासारखा किंवा हलका पिवळसर असतो.

मग कॅलिपरवरची निप्पल शोधायची. बुडबुडे वर चढतात म्हणून ती कॅलिपरच्या माथ्यावर दिलेली असते. (डावा-उजवा कॅलिपर बदलून बसवला आणि निप्पल खाली आली, तर दिवसभर ब्लीडिंग करूनही हवा निघत नाही.) तिच्यावर एक छोटी रबरी टोपी असते, किंवा असायला हवी. किनाऱ्यावरच्या गाड्यांमध्ये ही टोपी हरवलेली असते, खारं पाणी आणि वाळू छिद्रात जाऊन बसतात आणि निप्पल गंजून कॅलिपरशी एकजीव होते. घाईने पाना लावून हिसका दिला की ती मोडते. मग शंभर-दोनशे रुपयांचं काम हजारांत जातं. म्हणून शहाणा मेकॅनिक आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवतो, सकाळी हलक्या हातोडीने टकटक करतो आणि आधी घट्ट करण्याच्या दिशेला केसभर हलवून मग सोडतो.

निप्पलवर आधी रिंग पाना, त्याच्यावरून पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक थोडा ताजा द्रव असलेल्या बाटलीत बुडवलेलं. आता दोन माणसांची जुगलबंदी सुरू होते. एक हँडलवर, दुसरा चाकाशी उकिडवा.

“मार. मार. मार. आता दाबून धर.”

“धरलाय, दादा.”

पाना अर्धा फेरा फिरतो. नळीतून द्रव सरकतो, त्याच्याबरोबर फेसासारखे बुडबुडे. लिव्हर मुठीकडे खाली जातो. पाना आवळला जातो.

“सोड.”

या चार पायऱ्यांचा क्रम एवढाच ब्लीडिंगचा कणा आहे. निप्पल बंद व्हायच्या आधी लिव्हर सुटला, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि काम उलटं फिरतं. त्यामुळे “सोड” ऐकू येईपर्यंत हात हलायचा नाही, ही शिस्त शिकाऊ पोराला पहिल्याच दिवशी लावली जाते. दर पाच-सहा फेऱ्यांनी डबीत डोकवायचं. एटीव्हीची डबी इवलीशी असते, बघता बघता रिकामी होते, आणि एकदा का मास्टर सिलिंडरने हवा ओढली की पहिल्यापासून सुरुवात. बाटलीत जमलेला द्रव कितीही स्वच्छ दिसला तरी परत डबीत ओतायचा नाही. त्यात हवा आणि ओल दोन्ही मिसळलेली असतात. मागच्या पावसाळ्यात उघडून ठेवलेली ब्रेक ऑइलची अर्धी डबीही वापरू नये.

आधी कोणतं चाक घ्यायचं? मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं आधी, हा मोटारींचा जुना पाठ आहे. एटीव्हीत मात्र रचना वेगवेगळ्या असतात. अनेक गाड्यांत उजव्या हाताचा लिव्हर पुढची दोन चाकं सांभाळतो, तर डावा लिव्हर आणि पायातलं पेडल मागच्या आसावरची एकच डिस्क पकडतात. पोलारिससारख्या काही गाड्यांमध्ये एकाच लिव्हरने चारही चाकांचे ब्रेक लागतात. स्वस्तातल्या लहान गाड्यांत पुढे नुसते केबलचे ड्रम ब्रेकही असतात. त्यांच्यात द्रवच नाही, मग हवा कसली काढणार? म्हणून गाडीचं पुस्तक आधी उघडावं.

एकटा माणूस असेल तर तुंबडीची पद्धत आहे. हातपंपाने निप्पलवर निर्वात करून द्रव खालून ओढायचा. यात एक फसवणूक होते. सैल केलेल्या निप्पलच्या आट्यांमधून बाहेरची हवा शिरते आणि नळीत बुडबुडे येतच राहतात. नवशिका समजतो की आत अजून हवा आहे आणि ब्रेक ऑइलच्या डब्या संपवत राहतो. उलटी पद्धतही चालते. सिरिंजने निप्पलमधून द्रव वर ढकलायचा. बुडबुड्याला वरच जायचं असतं, त्यामुळे तो आनंदाने डबीतून निघून जातो. फक्त डबी उतू जाणार नाही हे बघायचं. आणि सगळं करूनही लिव्हर किंचित मऊ राहिला तर रात्रभर तो रबराने मुठीला बांधून ठेवतात. दाबाखाली बारीक बुडबुडे लहान होतात, सुटतात, वर सरकतात. सकाळी लिव्हर सोडला की ते डबीत निघून जातात. मेकॅनिक मंडळींचा हा उपाय पुष्कळदा गुण देतो, पण पाझर असेल तर तो झाकला जातो. म्हणून तो शेवटी करायचा.

मोटारीला असा द्रवाचा ब्रेक लावण्याची कल्पना माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसाची; 1917 मध्ये त्याने तिचं पेटंट घेतलं. 1921 च्या ड्यूझनबर्ग मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक आले. सुरुवातीच्या सीलमधून गळती व्हायची. ते सुधारून क्रायस्लरने 1924 मध्ये ही पद्धत सर्वसाधारण गिऱ्हाइकापर्यंत आणली. गेल्या शंभर वर्षांत पॅड बदलले, डिस्क आल्या, संगणक आले. निप्पल मात्र अजून तीच आहे, आणि तिच्याशी उकिडवा बसलेला माणूसही.

आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हे ज्ञान कठीण वाटेने मिळतं. इंदूरजवळच्या पीथमपूरशी नाव जोडलेली ‘बाजा’ स्पर्धा 2007 पासून भारतात भरते. अमेरिकेत ती 1976 मध्ये साउथ कॅरोलायना विद्यापीठात सुरू झाली होती. मुलांनी स्वतः आखलेली, स्वतः वेल्डिंग केलेली एटीव्ही घेऊन यायचं. पुण्याच्या सीओईपीसह महाराष्ट्रातली अनेक महाविद्यालयं तिच्यात उतरत आली आहेत. शर्यतीच्या आधी ब्रेकची परीक्षा असते. गाडी वेगात आणायची, पेडल मारायचं आणि चारही चाकं एकदम जागीच घट्ट थांबायला हवीत. एक चाक फिरत राहिलं तरी नापास. ब्रेकची दोन स्वतंत्र जाळी असावीत, म्हणजे एक फुटलं तरी दुसरं गाडी थांबवेल, हाही नियम. वर्षभर चेसिसवर आणि गिअरबॉक्सवर घाम गाळलेला संघ एखाद्या बुडबुड्यापायी परीक्षेच्या रांगेत पुन्हा पुन्हा मागे जातो, तेव्हा रिंग पाना कुठल्याही पाठ्यपुस्तकापेक्षा जास्त शिकवून जातो.

नागावच्या वाळूवर भाड्याची एटीव्ही घेणाऱ्या कुटुंबाला यातलं काही करायचं नाही. त्यांनी अर्धा मिनिट खर्च करावा. इंजिन सुरू करण्याआधी प्रत्येक ब्रेक वेगवेगळा दाबून बघावा. लिव्हर मुठीपासून बोटभर अंतरावर घट्ट थांबायला हवा आणि दहा सेकंद दाबून धरला तरी तिथेच राहायला हवा. हळूहळू मुठीकडे सरकत गेला तर पाझर आहे, स्पंजासारखा लागला तर हवा आहे, दुसऱ्यांदा दाबल्यावर वर आला तरी हवाच आहे. तिन्ही वेळा गाडी परत करावी. पैशांचा वाद झाला तर होऊ द्यावा. मग चालण्याच्या वेगाने चार पावलं जाऊन थांबवून बघावी, आधी फक्त पुढचा ब्रेक, मग फक्त मागचा. मुलाला पुढे बसवायचा आग्रह होत असेल तर त्याआधी हे झालेलं असावं.

पनवेलच्या शेडमध्ये काम संपत आलेलं असतं तेव्हा नळीतून येणारा द्रव अखंड, स्वच्छ, बुडबुड्याशिवाय उतरतो. निप्पल हाताच्या बेताने आवळली जाते, टोपी बसते, पाण्याने सगळं धुतलं जातं. बाटलीतला जुना द्रव गटारात न ओतता जुन्या ऑइलच्या कॅनशेजारी वेगळा ठेवला जातो. डबी वरच्या रेषेपर्यंत भरून झाकण लागतं. मग मेकॅनिक निप्पलच्या भोवती कोरडा कागद गुंडाळतो, लिव्हर पूर्ण ताकदीने दाबून धरतो आणि कागदावर ओल उमटते का ते बघतो. कागद कोरडा राहिला की गाडी अंगणात एक चक्कर मारून येते, आणि टेम्पोत चढवण्याआधी तो लिव्हर पुन्हा एकदा, दोनच बोटांनी, दाबून बघतो.